दगडवाडीचा ठरलेला चोर

दगडवाडीत चोरी झाली की आश्रुबा आपल्या पायांनी चावडीवर जाऊन बसत असे. त्याला धरून आणावे लागत नसे. कोणाच्या खळ्यावरून तुरीचे पोते गेले, कोणाच्या गोठ्यातून वासरू सुटले, एवढे कानावर आले की तो मेंढ्या बायकोच्या हवाली करी, घोंगडी खांद्यावर टाकी आणि चावडीच्या ओट्याच्या टोकाला, कोणाच्या येण्याजाण्यात येणार नाही अशा बेताने, उकिडवा बसे. जमादार येई, दोन शिव्या देई, कधी दोन तडाखे देई. पुढे खरा प्रकार उघडकीस येई किंवा काहीच उघडकीस येत नसे, आणि आश्रुबा घरी परते. यात कोणालाच काही गैर वाटत नव्हते. ज्या गावाला कुंभार आहे, न्हावी आहे, गुरव आहे, त्या गावाला एक चोरही असावा. म्हणजे दर वेळी नवा शोधण्याचे श्रम वाचतात.

हा मान आश्रुबाच्या घराण्यात पूर्वापार चालत आलेला नव्हता. त्याचा बाप मेंढपाळ, आजा मेंढपाळ. पेडगावच्या शिवाराला लागून असलेल्या या गावात एके काळी त्यांच्या कळपासाठी शेतकरी आपसांत भांडत असत. रब्बीचे पीक निघून वावर मोकळे झाले की मेंढपाळाने रात्री तिथे कळप बसवायचा आणि सकाळी उठवून चारायला न्यायचा. लेंड्या आणि मूत मातीत मुरते, पुढच्या साली त्या वावराची ज्वारी ओळखू येते, आणि मोबदल्यात शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. या धान्यावर आश्रुबाच्या घराचे पावसाळे निघत. म्हणजे ज्याला वावरात बसू देतात तो जगतो. ज्याला बसू देत नाहीत, त्याने मेंढ्या विकून खायच्या आणि मेंढ्या संपल्या की काय खायचे याचा विचार करायचा.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या भाद्रपदात हे सगळे फिरले. त्या दिवसांत एकदा रझाकार आले म्हणून आणि एकदा फौज आली म्हणून गावेच्या गावे रानात पळाली. माणसांनी लेकरे उचलली, जनावरे सोडून दिली. दुधना नदीच्या काठावर आश्रुबाच्या कळपात काही परक्या मेंढ्या शिरल्या. त्यांच्या मागे कोणी नव्हते. त्याने त्यांना हाकलले नाही. हाकलल्या असत्या तर लांडग्यांनी खाल्ल्या असत्या.

मेंढपाळांचा यासंबंधी एक जुना रिवाज आहे. चुकार मेंढीच्या कानाला हात लावायचा नाही, कारण कानाची चीर मालकाची. पाठीवर मात्र आपल्या कळपाच्या गेरूचा पट्टा ओढायचा. त्याचा अर्थ एवढाच की ही मेंढी सध्या अमक्याच्या राखणीत आहे. मालक शोधत आला तर त्याला दुरून दिसावे, कोणाला विचारावे ते कळावे. कान म्हणजे मालकी, पाठ म्हणजे राखण. रानात फिरणाऱ्या पोरासोरांनाही हे ठाऊक असते. आश्रुबाने गेरू कालवला, पट्टे ओढले आणि मालकाची वाट पाहत बसला. चावडीवर कळवावे असे त्याच्या मनातही आले नाही. पाठीवर एवढा ढळढळीत पट्टा असताना आणखी काय कळवायचे?

मालक दिवाळीनंतर आला. वालूरकडचा चंद्रभान. मेंढ्या त्याच्या असल्या तरी त्या राखणारा गडी दुसरा होता आणि तो गडी गडबडीत परागंदा झालेला. चंद्रभानला कान ठाऊक होते, पाठीचे काही ठाऊक नव्हते. सोबत जमादार होता. नवे राज्य, नवी बदली, आणि वरच्यांना दाखवायला काहीतरी हवे असलेला.

“ही मेंढरं तुझी?” जमादाराने विचारले.

“न्हाई मालक. वालूरकडची दिसत्यात. कानाला तिरपी चीर हाय. आमची सरळ असती.”

“म्हणजे दुसऱ्याची आहेत हे तुला माहीत होतं?”

“व्हय की.”

“आणि हा रंग कोणाचा?”

“माजा,” आश्रुबा म्हणाला. आपण नीट सांभाळ केला की नाही हे एकदाचे कोणीतरी विचारले, याचे त्याला बरेच वाटले होते.

जमादाराने चंद्रभानकडे पाहिले. इतकी सोपी कबुली त्याला उभ्या नोकरीत मिळाली नसावी.

आश्रुबाने हिवाळा परभणीच्या तुरुंगात काढला. शिमग्याच्या सुमारास न्यायाधीशाने त्याला सोडून दिले. चोर असेल तर तो आपल्याच हाताने चोरीवर रंग फासून भर रस्त्याने कशाला हिंडवील, असे त्या माणसाने विचारले म्हणतात. गावाला हा प्रश्न पडला नाही. आश्रुबा वेशीतून आत आला तेव्हा पारावर चार माणसे बसली होती. त्यांनी त्याला रामराम घातला आणि तो पुढे गेल्यावर आवाज न उतरवताच बोलली.

“सुटला म्हणं.”

“सुटंल न्हाई तर काय. नवं सरकार हाय, समद्यालाच सोडायलंय.”

“पर काय का असंना, कायतरी असल्याबिगर कुणी नेतंय का?”

या शेवटच्या वाक्यावर कोणत्याही कोर्टात अपील नसते. न्यायाधीशाचा निकाल परभणीत राहिला. गावात हा निकाल लागू झाला.

त्या उन्हाळ्यात त्याला कोणी वावरात बोलावले नाही. नकारही कोणी दिला नाही, कारण नकार देणाऱ्याला कारण सांगावे लागते. “औंदा दुसऱ्याला शब्द दिलाय,” “औंदा नांगरट लवकर करायचीय,” असे म्हणत लोक वाट बदलून जात. पोरांच्या चोर-शिपायाच्या खेळात चोराला चोर म्हणणे बंद झाले, “आश्रुबा कोण व्हणार?” असे पोरे विचारू लागली. लग्नाच्या पंगतीत त्याच्याजवळचा पितळी तांब्या कोणीतरी सहज उचलून पलीकडे ठेवी.

आश्रुबा मूळचा मोकळा माणूस. त्याचे हसणे दोन वावरांपलीकडे ऐकू जात असे. आता तो कोणाच्या बांधावरून जाताना दोन्ही हात घोंगडीच्या बाहेर काढून चाले, म्हणजे हातात काही नाही हे दिसावे. लोक म्हणत, बघा कसा हात दाखवायलाय, मनात असल्याबिगर कुणी दाखवतंय का? मग त्याने हात आत घेतले. तेव्हा लोक म्हणाले, घोंगडीत काय लपवायलाय कोण जाणे. तो नजर देईना तर डोळे चोरतो, नजर दिली तर मुजोर झाला. माणसाला एकदा नाव पडले की त्याचे चालणे, बसणे, खोकणे सगळे त्या नावाची साक्ष देऊ लागते. आणि साक्षीदार कधी फितूर होत नाहीत.

जमादाराची सोय तर फारच मोठी झाली. ठाण्याच्या हद्दीत काही गेले की तो सरळ आश्रुबाकडे येई. पहिल्या वेळी आश्रुबाला मेंढ्यांमधून ओढत नेले. कळप उधळला, दोन कोकरे ओढ्यात पडून मेली. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळेपासून तो आपणच जाऊ लागला. मार तोच, पण मेंढ्या तरी जागेवर राहत. हा व्यवहार त्याने एकट्याने, कोणाला न विचारता, आपल्या मनाशी ठरवला होता. आणि खरे सांगायचे तर त्या काळात त्याच्या बाजूने केलेला तेवढा एकच कायदा होता.

कळप निम्म्यावर आला तेव्हा धुरपताबाईने त्याला बोलावले. ही विधवा बाई, एका वावराची मालकीण. दीर-भायांशी भांडून जमीन कसत होती. तिला खत हवे होते आणि दुसरा मेंढपाळ तिच्या एवढ्याशा वावरासाठी येत नव्हता.

“बसव बाबा तुझी मेंढरं,” ती म्हणाली. “माझ्या घरात चोरण्यासारखं काय हाय? एक तवा हाय, तो बी फुटका. न्यायचा तर ने, नवा घ्यायला निमित्त तर मिळंल.”

आश्रुबा हसला. भिवराबाईने, त्याच्या बायकोने, ते हसणे ऐकले आणि हातातले काम थांबवले.

गोष्ट पोलीस पाटील आबासाहेबांच्या कानावर गेली. आबासाहेब वाईट माणूस नव्हते. ते फक्त गावासारखे होते. त्यांनी आश्रुबाला घरी बोलावले आणि सांगितले,

“हे बघ लेका. एक हंगाम. या हंगामात तुझं नाव कशात निघालं न्हाई, तर फुडल्या उन्हाळ्यात माझ्या मोठ्या वावरात तुझा कळप बसवीन. मी बसवला की गाव बसवतंय. पर एक ध्यानात धर. औंदा तू चावडीची पायरी चढायची न्हाई. तू आपला आपण येऊन बसतूस, म्हणून लोकांला वाटतंय याच्या मनात पाप हाय. बोलावलं तर ये, न्हाईतर येऊ नको.”

“व्हय मालक.”

“कळलं का?”

“कळलं मालक. यायचं न्हाई.”

पाटलाचे मोठे वावर म्हणजे गावाचा दरवाजा. तो एक उघडला तर बाकीचे आपोआप उघडणार होते. आणि उघडला नाही, तर उरलेला निम्मा कळपही बाजाराची वाट धरणार होता. भिवराबाईला हे नवऱ्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते. ती रोज सकाळी त्याला बजावी, “कुणाच्या झाडाची काडी बी उचलू नका. दात कोरायला लागलं तर मला सांगा.”

हंगाम जवळजवळ पार पडत आला होता. धुरपताबाईचे वावर झाले की ये, असे आणखी एकाने भीतभीत सांगून ठेवले होते. चैत्र संपता संपता एके सकाळी धुरपताबाई बांधावर आली आणि सहज बोलून गेली की शेजारच्या विहिरीवरची आबासाहेबांची नवी मोट दिसत नाही. गडी विहिरीत वाकून वाकून बघायलाय. ती बोलली आणि शेण गोळा करायला निघून गेली.

आश्रुबा मेंढ्यांकडे पाहत उभा राहिला. मग त्याने घोंगडी उचलली.

“अवं, कुणी बोलावलंय का?” भिवराबाईने विचारले.

“न्हाई.”

“मग पायात किडं पडल्यात का?”

“बोलावतेलच की.”

“बोलावतेल तवा जा. आबासायेबांनी सांगितलंय न्हवं, यायचं न्हाई म्हणून?”

“सांगितलंय. पर तवा मोट व्हती.”

“मोट व्हती का नसती, तुमी नेली का?”

“न्हाई.”

“मग बसा की खाली!”

तो बसला. वाटेने एक गाडी गेली, तो उठला. ती आपल्यासाठी नव्हती हे कळल्यावर पुन्हा बसला. एक बाई डोक्यावर घागर घेऊन गेली, तेव्हाही त्याचा हात घोंगडीकडे गेला. चावडीवर बसणे त्याला ठाऊक होते. तिथे ओट्याचा दगड कुठे गार असतो, कोण आधी शिवी देतो, शिवी दिल्यावर किती वेळाने सोडतात, हे सारे ठरलेले होते. चावडीवर न बसणे मात्र त्याने कधी केलेले नव्हते. न गेलेल्या माणसाने काय करायचे असते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आणि ते इथेच आले तर? धुरपताबाईच्या वावरात, तिच्या देखत, मेंढ्यांच्या मधे?

“लवकर जाऊन लवकर येतो,” तो म्हणाला.

“जावा,” भिवराबाई म्हणाली. “तुमचं सासर हाय न्हवं ते. जावा, पाहुणचार घेऊन या.”

चावडीवर आबासाहेब होते, दोन-तीन माणसे होती. त्याला पायरी चढताना पाहून आबासाहेबांच्या चेहऱ्यावर आधी राग आला नाही. आधी थकवा आला.

“कुणी बोलावलं तुला?”

“कुणी न्हाई, मालक.”

“मग?”

“मोट गेली म्हणं.”

“तुला कुणी सांगितलं? मी तर गड्याबिगर कुणापाशी बोललो न्हाई.”

“खाई त्याला खवखवे,” ओट्यावरचा एकजण म्हणाला, आणि दुसऱ्याने मान हलवली.

धुरपताबाईला बोलावणे गेले. ती पदर सावरत आली आणि म्हणाली, “व्हय, म्या सांगितलं. गडी विहिरीत वाकलेला मला दिसला. त्यात काय?”

“लय कैवार घ्यायलीस बाई,” ओट्यावरून आवाज आला. “मेंढरं तुझ्या वावरात, वावर विहिरीला लागून. मोट आता तुझ्या घरात बघावं लागंल का काय?”

धुरपताबाई गप्प झाली. एकट्या बाईने कोणत्या क्षणी गप्प व्हावे हे गाव तिला फार पूर्वी शिकवून चुकले होते.

आबासाहेबांनी आश्रुबाकडे पाहिले. “एक हंगाम, लेका. एक हंगाम तुला बूड टेकून बसता आलं न्हाई?”

उन्हे चढली. मेंढ्या पाण्यावर न्यायची वेळ टळून गेली होती. एकट्या भिवराबाईने त्या आवरल्या असतील की नाही, या काळजीने आश्रुबाचे प्रश्नांकडे लक्ष नव्हते. कोणी दरडावत होते, कोणी समजावत होते. शेवटी आबासाहेब म्हणाले,

“कबूल कर अन् मोट आणून दे. जमादाराला सांगत न्हाई. सोडून देतो.”

त्यांतला ‘सोडून देतो’ एवढाच शब्द आश्रुबाच्या कानात शिरला.

“घेतली मालक.”

“कुठं हाय?”

“दुधनात टाकली.”

“दुधनात या दिवसांत पाणी कुठाय?”

“डोहात.”

“डोह कवाच आटलाय की रं!”

चावडी हसली. आश्रुबाही कसनुसा हसला. खऱ्या चोराला लपवायची जागा ठाऊक असती, हे तिथल्या एकाही शहाण्या माणसाला सुचले नाही. सगळ्यांचे एकमत झाले की चोर तर आहेच, वर खोटारडाही आहे. मोट आणून देत नाही तोवर गावात त्याने कळप बसवायचा नाही, असे सांगून त्याला सोडण्यात आले.

मोट दोन दिवसांनी पेडगावाहून बैलगाडीतून परत आली. आबासाहेबांची तिकडे दिलेली लेक, बायनाबाई, माहेरी येऊन गेली होती. सासरची मोट फाटल्यामुळे तिने जाताना ही गाडीत टाकून नेली होती, आईला सांगून. बापाला सांगायचे आईच्या मनातून राहून गेले. आणि राहून गेल्याचे कळल्यावर ते सांगायचा धीर झाला नाही. गाडीवानाने भर रस्त्यात मोट उतरवली. गावाने पाहिली.

आबासाहेबांनी आश्रुबाला पुन्हा घरी बोलावले. या खेपेला त्याला चहा दिला, हे नमूद केले पाहिजे.

“तू घेतली नव्हती, तर कबूल का केलंस?”

“तुमी सोडतो म्हणलात, मालक.”

आबासाहेबांनी दारातून रस्त्यावर कोणी आहे का ते पाहिले. मग म्हणाले, “पर आता मी लोकांला काय सांगू? न केलेली चोरी जो कबूल करतोय, त्याचा भरवसा कसा धरावा? लोक म्हणायलेत, याला कबुलीची इतकी सवय हाय, तर केलेल्या किती पचवल्या असतील.”

“खरं हाय, मालक.”

“वावराचं... बघू फुडं.”

“व्हय मालक.”

धुरपताबाईने ठरल्याहून अधिक ज्वारी घातली. “माझी ना न्हाई रं आश्रुबा,” ती म्हणाली. “पर मला बी याच गावात ऱ्हायचंय.” त्याने ज्वारी घेतली. अधिकची परत करावी असे त्याला वाटले, पण परत करणाऱ्यालाही काहीतरी बोलावे लागते.

वैशाखात त्यांनी उरलेल्या मेंढ्या घेऊन जिंतूरकडची वाट धरली. तिकडे डोंगर आहे, माळ आहे, आणि मुख्य म्हणजे तिकडे आश्रुबाला ओळखणारे कोणी नाही, असे भिवराबाईचे म्हणणे होते. ती वाटेने बडबडत होती. किती वर्षांत ती अशी बोलली नव्हती. नव्या गावात आपण कसे राहू, कोणाशी किती बोलायचे, कोणाच्या पाया पडायचे, सगळे तिने वाटेतच ठरवून टाकले.

जिंतूरच्या पलीकडे एका गावाच्या शिवेवर सटवाजी नावाचा शेतकरी त्यांना भेटला. पोट सुटलेला, बोलका माणूस. कळप पाहून तो आपण होऊन जवळ आला.

“कुठली मेंढरं म्हणायची?”

“परभणीकडची,” भिवराबाई नवऱ्याच्या आधी बोलली.

“चांगली हाईत. वढ्याकाठी माझं काळं वावर मोकळं पडलंय. बसवता का चार रोज? ज्वारी घालीन.”

भिवराबाईचा चेहरा उजळला. ओढ्याकाठचे काळे वावर, पाणी जवळ, सावली जवळ. तिने होकार द्यायला तोंड उघडले.

“आमी दगडवाडीचे,” आश्रुबा म्हणाला. “मला तिकडं चोर म्हणत्यात. आदी सांगितलेलं बरं.”

सटवाजी हसला. थट्टा असावी असे त्याला वाटले. मग त्याने आश्रुबाचे तोंड पाहिले आणि हसू आवरले.

“काय चोरलंवतं?”

“काय न्हाई.”

“मग चोर कसा?”

आश्रुबाने खरोखर विचार केला. “गाव म्हणतंय,” तो म्हणाला.

सटवाजीने कळपावरून नजर फिरवली, मग ओढ्याकडे, मग तिथून दिसणाऱ्या आपल्या गोठ्याकडे. माणूस चांगला होता. त्याने हाकलून दिले नाही. थोडा विचार करून त्याने टेकडीच्या अंगाला हात केला. “असं करा, त्या वरच्या माळावर बसवा. मुरमाड हाय, पर मोकळं हाय. गावापासून लांब बी हाय.” आणि कोणाला वाईट वाटू नये म्हणून पुढे म्हणाला, “वारा लय झकास सुटतोय तिथं.”

माळावर गवताची काडी नव्हती. इथे खत पडून कशाचे भले होणार होते कोण जाणे. भिवराबाई मेंढ्या जवळ गोळा करून एका धोंड्यावर बसली.

“का सांगितलंत?” तिने विचारले.

“उंद्या कळलंच असतं.”

“उंद्या कळलं असतं. आजची रात तर काळ्या वावरात गेली असती.”

कळपाभोवती जाळे बांधायला मेखा ठोकायच्या होत्या. आश्रुबाने एक मेख उभी धरली आणि दगडाने ठोकू लागला. मुरमात ती शिरत नव्हती, पुन्हा पुन्हा कलत होती. खाली गावातून कोणीतरी वर बघत उभे होते. आश्रुबाने ठोकणे थांबवले आणि ते माणूस वर येते की काय याची वाट पाहत तो दगड हातात घेऊन उभा राहिला. मग आपल्या हातात दगड आहे हे ध्यानात येऊन त्याने तो हळूच खाली ठेवला.